बेस ड्रमचे पान निवडावे आणि ताणावे कसे

सदाशिव पेठेतल्या एका सरावखोलीत ठेवलेला २२ इंची बेस ड्रम, म्हणजे ड्रम किटमधला पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम, काही वर्षांपूर्वी मी उघडला, तेव्हा त्यातून दोन उशा, एक जाडजूड टॉवेल आणि जुन्या गोधडीचा अर्धा तुकडा निघाला. ड्रम ‘फार घुमतो’ अशी तक्रार प्रत्येक नव्या वादकाने केली होती आणि प्रत्येकाने आपल्या परीने त्यात काहीतरी कोंबले होते. पेडलच्या बाजूचे पान, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, मात्र किटसोबत आलेले मूळचेच होते. पेडलचा बीटर (ठोका देणारा दांडा) जिथे आपटतो तिथे त्याला खळगा पडला होता आणि पान ताणणाऱ्या दहा रॉडपैकी तीन बोटांनीही फिरत होते. पान बदलून ते सगळीकडून सारखे ताणल्यावर त्या ड्रमला घडी घातलेल्या एका लहान टॉवेलपलीकडे कशाचीही गरज उरली नाही. तेव्हापासून कोणत्याही बेस ड्रमला हात लावताना मी आधी त्यातले सगळे बाहेर काढतो, रिकामा ड्रम ऐकतो आणि मगच काय बदलायचे ते ठरवतो. हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

ढोल-ताशा पथकात ज्याला आपण पान म्हणतो, त्यालाच ड्रमच्या दुकानात हेड किंवा स्किन म्हणतात. या लेखात मी पान हाच शब्द वापरला आहे. पेडलचा बीटर ज्या पानावर पडतो ते बॅटर आणि श्रोत्यांच्या बाजूचे ते फ्रंट, ज्याला रेझोनंट असेही म्हणतात. ठोक्याची धार, पायाला मिळणारा उसळा आणि आवाज किती चटकन विझतो हे प्रामुख्याने बॅटरवर ठरते, तर घुमाऱ्याचा रंग आणि त्याची आस (ठोक्यानंतरचे रेंगाळणे) फ्रंटवर ठरते. आवाज ड्रमच्या लाकडातून येतो असे मानून बर्च की मेपल यावर वाद घालणारे अनेक भेटतात, परंतु दहा वर्षे जुन्या पानातून उत्तम मेपलचाही आवाज कळत नाही आणि चांगल्या पानावर साधा पॉपलरचा ड्रमही भरदार बोलतो, असाच माझा अनुभव आहे.

आधी आवाज ठरवावा

तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्णांकी पटीत बसतात आणि म्हणून तबला एका स्पष्ट स्वरात लागतो, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिले. बेस ड्रमच्या पानावर शाई नसते. सपाट गोल पडद्याचे उपस्वर मूळ कंपनाच्या साधारण १.५९, २.१४, २.३० अशा आडवळणी पटीत येतात आणि ते मोकळे सोडले तर कानाला गोंगाट वाटतात. त्यामुळे बेस ड्रम ‘सुरात लावणे’ म्हणजे षड्ज शोधणे नव्हे. खालचे कंपन राखून वरच्या उपस्वरांपैकी किती ठेवायचे आणि किती आवरायचे, हे ठरवणे म्हणजे बेस ड्रम लावणे. पानांचे सगळे प्रकार याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपण काय वाजवतो याचा नीट विचार करावा. रॉक किंवा मेटल वाजवणाऱ्या बँडला आखूड, धारदार ठोका हवा असतो, कारण जलद दुहेरी ठोक्यांमध्ये लांब आस राहिली तर ठोके एकमेकांत मिसळतात. जॅझ वाजवणाऱ्याला १८ इंची ड्रममधून एखाद्या मोठ्या टॉमसारखा (किटमधल्या काठीने वाजवायच्या ड्रमसारखा), गोल आणि बोलका स्वर हवा असतो. मराठी गाण्यांच्या वाद्यवृंदात गणित आणखी वेगळे असते. तिथे ढोलकीच्या खर्जाच्या बाजूचा घुमारा आणि बेस ड्रमचा घुमारा एकाच जागेसाठी झगडतात, आणि अशा वेळी बेस ड्रम जितका आखूड आणि कोरडा, तितकी ढोलकी मोकळी होते. लावणीच्या साथीत लांब घुमणारा बेस ड्रम वाजवणे ही माझ्या मते साथीची चूक आहे, मग तो ड्रम एकटा कितीही छान वाटत असो.

बॅटरची निवड

आजची बहुतेक पाने पॉलिएस्टरच्या फिल्मची असतात. १९५० च्या दशकापर्यंत वासराच्या कातड्याची पाने वापरली जात आणि पावसाळी हवेत ती सैल पडत. त्या दशकात पॉलिएस्टरची पाने बाजारात आली आणि १९५७ साली रेमो बेली यांनी आपली कंपनी स्थापन केल्यावर ती सर्वत्र पसरली. फिल्मची जाडी ‘मिल’मध्ये सांगतात. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, म्हणजेच १० मिलची फिल्म साधारण पाव मिलिमीटर जाड असते.

पहिला फरक थरांचा. एका थराचे पान बहुधा १० मिलचे असते. ते मोकळे बोलते, हलक्या ठोक्यालाही प्रतिसाद देते आणि त्यात उपस्वर भरपूर असतात. दोन थरांच्या पानात सुमारे ७ मिलच्या दोन फिल्म एकत्र असतात. त्या एकमेकींवर घासल्याने वरचे उपस्वर लवकर विझतात, आवाज जाड आणि आखूड होतो आणि पानही जास्त टिकते. ज्याचा पाय जड आहे, ज्याचा बीटर लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा आहे, त्याने दोन थरांचा विचार करावा. रेमोचे अँबॅसडर हे एकथरी पानाचे आणि एम्परर हे दोनथरी पानाचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

दुसरा फरक कडेचा, आणि बेस ड्रमच्या बाबतीत तो थरांपेक्षाही महत्त्वाचा आहे. उपस्वरांचा मोठा भाग पानाच्या कडेकडच्या पट्ट्यात जाणवतो. तबल्याची चाट आणि शाई यांतला फरक ज्याने ऐकला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. कडेचा तो पट्टा किंचित जड केला की मधला खर्ज तसाच राहतो आणि वरची किणकिण कमी होते. रेमोच्या पॉवरस्ट्रोक ३ मध्ये एकथरी पानाच्या आतल्या बाजूने कडेला पातळ फिल्मची कडी जोडलेली असते. इव्हान्सच्या ईमॅडमध्ये कडेला बाहेरून बसवायची फोमची कडी मिळते, तीही कमी-जास्त जाडीच्या दोन, म्हणजे पान न उतरवता आवाज बदलता येतो. अ‍ॅक्वेरियनच्या सुपर किकमध्ये आतून फेल्टची कडी असते आणि त्यात एकथरी व दोनथरी असे दोन्ही प्रकार आहेत. माझे मत विचाराल तर ज्याला एकच पान घ्यायचे आहे आणि जो आज सरावखोलीत, उद्या महाविद्यालयाच्या स्पर्धेत आणि परवा एखाद्या लग्नात वाजवणार आहे, त्याने पॉवरस्ट्रोक ३ च्या जातीचे, म्हणजे एकथरी पण कडी जोडलेले पान घ्यावे. त्यात मोकळेपणा शिल्लक असतो. जास्तीचा घुमारा नंतर टॉवेलने कमी करता येतो, पण जे पान मुळातच फोमने दाबलेले आहे त्याच्यातून नसलेला घुमारा काढता येत नाही.

पारदर्शक पानाचा ठोका जरा अधिक धारदार, पांढरा लेप दिलेल्या पानाचा जरा मऊ. हा फरक खरा आहे, पण बीटर बदलल्याने पडणाऱ्या फरकापेक्षा लहान आहे.

फ्रंटचे पान आणि भोक

फ्रंट अखंड असेल तर ड्रममध्ये अडकलेली हवा बॅटरचा धक्का थेट फ्रंटपर्यंत नेते आणि दोन्ही पाने जोडीने हलतात. अशा ड्रमची आस लांब असते आणि पायाखाली पेडल उसळते. भोक पाडले की हवेला वाट मिळते, जोडी सैल होते, ठोका कोरडा होतो आणि मायक्रोफोन आत नेता येतो. भोक ४ ते ५ इंचांचे असावे आणि मधोमध नव्हे, तर घड्याळातल्या ४ किंवा ८ च्या जागी, कडेपासून दोन-तीन इंच आत असावे. सात इंचांच्या पुढे भोक गेले की फ्रंटचे पान लावल्याचा फायदाच फारसा उरत नाही.

भोक पाडण्याची घाई करू नये. एका कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी मी कात्रीने घाईघाईत भोक पाडले, त्याची कड दातेरी राहिली आणि दुसऱ्या गाण्यातच तिथून पान फाटत गेले. योग्य मापाचा पत्र्याचा डबा पानावर धरून धारदार कटरने एका दमात गोल कापावा आणि कडेवर बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची कडी बसवावी. शक्य असेल तर भोक पाडलेलेच पान विकत घ्यावे. जॅझसाठी किंवा मायक्रोफोनशिवाय लहान खोलीत वाजवण्यासाठी अखंड फ्रंटच उत्तम.

ड्रमची तपासणी

दोन्ही पाने उतरवल्यावर शेलच्या, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याच्या, कडेवरून बोट फिरवावे. खाच, गाठ किंवा सुटलेला थर लगेच जाणवतो. त्यानंतर शेल स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर उपडे ठेवावे. बहुतेक ओटे दोन फूट रुंद असतात, त्यामुळे २२ इंची ड्रम त्यावर बसतो. आत मोबाइलचा टॉर्च ठेवून खोलीतला दिवा घालवला की कड जिथे टेकत नाही तिथून प्रकाशाची रेघ दिसते. कागद सरकेल इतकी फट एखाद्या ठिकाणी असेल तर फार बिघडत नाही, परंतु फट त्याहून मोठी असेल तर कितीही ताणले तरी त्या जागी पान नीट बोलणार नाही. अशी कड घरी पॉलिश पेपरने घासून दुरुस्त करू नये, कारण तिचा उतार एकदा बिघडला की शेल कायमचे हातातून जाते.

पुण्याच्या पावसाळ्यात पॉलिएस्टरच्या पानाला दमटपणाचा त्रास जवळजवळ होत नाही, पण पान दाबून धरणाऱ्या लाकडी हूपला आणि लोखंडी रॉडला होतो. हूप सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे. रॉडचे आटे जुन्या टूथब्रशने साफ करून त्यांना पेट्रोलियम जेलीचे अगदी पातळ बोट लावावे. गंजलेला रॉड तो फिरवायच्या चावीला जड लागतो आणि पान ताणले गेले आहे असा खोटा भास देतो. सारखी ताण न येण्याचे हे एक फार मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे.

पान चढवणे आणि ताणणे

शेल फरशीवर सतरंजी टाकून आडवे ठेवावे, कड कोरड्या फडक्याने पुसावी, नवे पान ठेवावे आणि ते हाताने गोल फिरवून पाहावे. ते अडखळले तर शेल गोलाईतून गेले आहे किंवा पानाची कडी वाकलेली आहे असे समजावे. त्यावर हूप ठेवून क्लॉ (हूपला पकडणारे आकडे) आणि रॉड बसवावेत आणि सगळे रॉड फक्त बोटांनी, जिथे अडतील तिथपर्यंत फिरवावेत. इथे चावीला हात लावू नये. सर्व रॉडची सुरुवात एकाच जागेवरून झाली तरच पुढचे फेरे मोजण्याला अर्थ राहतो.

यानंतर चावीने समोरासमोरच्या जोड्या घ्याव्यात. एका रॉडला अर्धा फेरा, मग त्याच्या बरोबर समोरच्या रॉडला अर्धा फेरा, मग शेजारची जोडी. कडेने ओळीने ताणत गेल्यास पान एका बाजूला ओढले जाते आणि पुन्हा मध्यावर येत नाही. ढोलाची दोरी ओढतानाही आपण एका बाजूची दोरी संपवून दुसरीकडे जात नाही, त्यातले तत्त्व हेच आहे. साधारण एक पूर्ण फेरा झाला की पानाच्या मध्यावर तळहात ठेवून शरीराचा भार हळूहळू द्यावा. कडेकडून कडकड असा आवाज येईल. तो पानाच्या कडीतल्या चिकट द्रव्याचा असतो आणि नवे पान बसताना तो यावाच. यामुळे पान शेलच्या कडेवर नीट बसते आणि वाजवताना मध्येच सैल पडत नाही. भार दिल्यावर काही रॉड पुन्हा सैल झालेले आढळतील, ते बोटांनी घट्ट करून घ्यावेत.

आता सगळे रॉड थोडेथोडे सैल करून पान पुन्हा सुरकुत्या पडण्याच्या स्थितीत आणावे आणि तिथून पाव-पाव फेऱ्याने वर चढावे. मध्यावर बोटाने हलका दाब दिला की कडेला सुरकुत्या कुठे आहेत ते दिसते. ज्या रॉडजवळ सुरकुती आहे त्यालाच तेवढे फिरवावे. शेवटची सुरकुती ज्या क्षणी जाते ती जागा लक्षात ठेवावी, कारण बेस ड्रमचा सर्वांत खालचा वापरता येण्याजोगा आवाज तिथेच असतो. रॉक, पॉप आणि चित्रपटगीतांसाठी बॅटर या जागेच्या वर पाव ते अर्धा फेरा, एवढ्यावरच ठेवावे. २२ इंची ड्रमचा मूळ सूर अशा वेळी ढोबळमानाने ५० ते ६५ हर्ट्झच्या आसपास येतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. पानाचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे ताण चौपट झाला तर सूर दुप्पट होतो. सैल पानावर मुळात ताणच थोडा असल्याने चावीचा पाव फेराही त्या ताणाच्या तुलनेत मोठा ठरतो आणि आवाज पुष्कळ बदलतो, तर आधीच घट्ट असलेल्या पानावर तोच पाव फेरा जेमतेम जाणवतो. स्नेअरची, म्हणजे किटमधल्या घट्ट ताणलेल्या लहान ड्रमची, सवय असलेले वादक बेस ड्रमलाही एकदम एक-एक फेरा देतात आणि हवी असलेली जागा ओलांडून पुढे जातात. बेस ड्रमवर शेवटचे फेरे पावाच्याही निम्म्याने द्यावेत.

सगळीकडे ताण सारखा आहे का हे पाहण्यासाठी मध्यावर एक बोट टेकवून प्रत्येक रॉडपासून दोन इंच आत दुसऱ्या हाताने टिचकी मारावी आणि स्वर जुळवावेत. एखादा रॉड उतरलेला वाटला तर त्याच्या समोरचाही तपासावा, कारण पुष्कळदा दोष समोरच्यात असतो. सैल पानावर हे स्वर अगदी काटेकोर जुळत नाहीत, आणि त्यासाठी तासभर खर्च करण्याचे कारण नाही.

फ्रंटचे पान याच पद्धतीने चढवावे. ते बॅटरपेक्षा किंचित वर ठेवले तर ड्रमला स्पष्ट स्वर मिळतो आणि तो दूरवर ऐकू येतो. दोन्ही पाने एकाच सुरात आणली तर आस सर्वांत लांब होते. फ्रंट अगदी सैल ठेवले तर दणका जाड पण धूसर वाटतो. मी फ्रंट बहुधा सुरकुती गेल्यानंतर अर्धा ते पाऊण फेरा वर ठेवतो. १८ इंची जॅझच्या ड्रमला हे माप लागू नाही. तिथे दोन्ही पाने स्पष्ट स्वर येईपर्यंत, म्हणजे आणखी बरेच फेरे वर न्यावी लागतात आणि आत काहीही ठेवू नये. फार तर पानाच्या आतून, मध्यापासून थोडी बाजूला, तीन-चार इंच रुंद फेल्टची पट्टी घालावी.

उभा करून ऐकणे

ड्रम आडवा असताना आणि हाताने वाजवताना जे ऐकू येते त्यावर निर्णय घेऊ नये. तो पायांवर उभा करावा, पुढचा हूप जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचललेला असावा, पेडल लावावे आणि बीटर पानाच्या मध्यावर किंवा किंचित वर पडतो आहे याची खात्री करावी. १८ इंची ड्रमला त्यासाठी उचलणी लागते, नाहीतर बीटर मध्याच्या बराच वर आपटून आवाज पातळ होतो. फेल्टचा बीटर गोल आवाज देतो, प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा बीटर टक् अशी धार देतो. कठीण बीटर वापरणाऱ्यांनी ठोक्याच्या जागी चिकटवायचा पॅच लावावा. त्याने धार थोडी वाढते आणि पान अनेक महिने जास्त जगते.

मग सहकाऱ्याला वाजवायला बसवून स्वतः १५-२० फुटांवर जाऊन ऐकावे. वादकाच्या स्टुलावर बॅटरची टक्-टक् जास्त ऐकू येते आणि खालचा सूर कमी वाटतो. माझे कितीतरी चुकीचे निर्णय स्टुलावर बसून घेतलेले होते. शिवाय लहान, काँक्रीटच्या खोलीत काही खर्ज फुगतात आणि काही नाहीसे होतात. दोन पावले बाजूला सरकले तरी ड्रम बदलल्यासारखा वाटतो, त्यामुळे किमान दोन-तीन जागी उभे राहून ऐकावे.

आता, आणि आताच, आत काही ठेवायचे का हे ठरवावे. हात पुसण्याच्या मापाचा टॉवेल घडी करून तळाशी, बॅटरला जेमतेम टेकेल असा ठेवावा आणि ऐकावे. पुरेसे नसेल तर तो थोडा अधिक टेकवावा. दोन्ही पानांना टेकणारी उशी आस जवळजवळ संपवते. मेटलमध्ये किंवा ध्वनिमुद्रणात ते हवेही असते, पण मायक्रोफोन नसलेल्या छोट्या कार्यक्रमात असा ड्रम तिसऱ्या रांगेपलीकडे पोहोचत नाही. मोकळ्या मैदानावर भिंती नसल्याने आवाज आपोआप कोरडा होतो, म्हणून तिथे टॉवेल काढूनच टाकावा.

मायक्रोफोन लावणार असाल तर तो भोकातून आत, बीटरच्या दिशेने नेल्यास ठोका जास्त मिळतो, भोकाच्या तोंडाशी ठेवल्यास घुमारा जास्त मिळतो. फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत, जिथे वाद्ये मांडायला मोजकी मिनिटे असतात, तिथे ध्वनिव्यवस्थेवर विसंबण्यापेक्षा ड्रम घरूनच आखूड लावून नेणे शहाणपणाचे आहे.

पॉलिएस्टर उष्णतेने लाकडापेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे एप्रिलच्या दुपारी गाडीत तापलेला ड्रम उतरलेला वाटतो आणि वातानुकूलित सभागृहात तो पुन्हा चढतो. पोहोचल्यावर केस उघडून ड्रमला अर्धा तास त्या हवेत राहू द्यावे आणि मगच चावी हातात घ्यावी.

नवे पान पहिल्या दिवशी थोडे उतरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरकुतीपासून तपासावे आणि ज्या ताणावर समाधान झाले तिथे प्रत्येक रॉडशेजारी हूपवर मार्करने बारीक खूण करावी. बॅटरला खळगा पडला, लेप निघून पारदर्शक ठिपका दिसू लागला किंवा ताण सारखा असूनही खालचा सूर भरत नाही असे वाटले, की ते बदलावे. फ्रंट मात्र त्यावर ठोका पडत नसल्याने अनेक वर्षे चालते. शेलच्या आत कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर पानाचे नाव, चढवल्याची तारीख आणि दोन्ही बाजूंचे फेरे पेन्सिलने लिहून ठेवावेत. सदाशिव पेठेतल्या त्या ड्रममध्ये अशी पट्टी मी लावली, तेव्हापासून तिच्यावर वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पाच नोंदी झाल्या आहेत, आणि उशी पुन्हा कोणी आत ठेवलेली नाही.